बोटीत बसण्यापूर्वी : दवाखान्याचे बिल नेमके कोणाच्या विम्यातून?

‘बोटीचा विमा असतोच की! मग काही झाले तर दवाखान्याचा खर्च त्यातून मिळणारच ना?’ सहलीचा हंगाम आला की वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. कोणी चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत नोकरीला असतात आणि सुट्टीत पुलिकतच्या बाजूला जाण्याचा बेत करतात. कोणी पुण्याहून तारकर्लीला निघालेले असतात. कोणाच्या मुलाने अमेरिकेत स्वतःची बोट घेतलेली असते आणि तिथल्या विम्याच्या कागदावरची ‘मेडिकल पेमेंट्स’ ही ओळ भारतातल्या बोटीलाही लागू असेल, असे त्यांना वाटते.

भारतात फिरायला जाणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. बोटीच्या विम्यातून तुमचे बिल आपोआप भरले जात नाही. ते का, आणि मग तुम्ही काय तयारी ठेवायची, हे क्रमाने पाहू.

एक विमा, चार वेगळ्या गोष्टी

‘बोटीचा विमा’ या दोन शब्दांत चार निरनिराळी संरक्षणे मिसळली जातात. ती वेगळी ओळखता आली की बराचसा गोंधळ संपतो.

- बोटीचा स्वतःचा विमा : सांगाडा, इंजिन, सामान यांचे नुकसान. याचे पैसे मालकाला मिळतात. प्रवाशाचा याच्याशी संबंध नाही.
- त्रयस्थ व्यक्तीची जबाबदारी, म्हणजे थर्ड पार्टी : मालकाच्या किंवा तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, चुकीमुळे कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर मालकाला कायद्याने द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी देते. इथे जबाबदारी आधी ठरावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.
- व्यक्तिगत अपघात विमा : मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम. बोटीवर हा असेलच असे नाही, आणि असला तरी तो फक्त खलाशांपुरता आहे की प्रवाशांनाही आहे, हे पाहावे लागते.
- मेडिकल पेमेंट्स : चूक कोणाची हे न विचारता, बोटीवरच्या जखमी माणसाचा दवाखान्याचा खर्च एका मर्यादेपर्यंत देणारे कलम. अमेरिकेतल्या खासगी बोटींच्या पॉलिसीत हे नेहमीचे आहे. आपल्याकडे ते स्वतंत्र कलम म्हणून सहसा आढळत नाही.

एक साधा प्रसंग घ्या. समजा, फेरी संपवून तुम्ही धक्क्यावर उतरत आहात. लाट येते, बोट हलते, आईचा पाय घसरतो आणि मनगट मोडते. तांडेलाने बोट नीट बांधली नव्हती की आईनेच घाई केली? अमेरिकन पद्धतीच्या मेडिकल पेमेंट्समध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण बोटीवर चढताना-उतरताना झालेली इजाही त्यात धरलेली असते. एक्स-रे, प्लास्टर, औषधे यांची बिले द्यायची आणि मर्यादेपर्यंत पैसे घ्यायचे. आपल्याकडे मात्र थर्ड पार्टीतून काही मिळवायचे तर तांडेलाचा हलगर्जीपणा दाखवावा लागेल. व्यक्तिगत अपघात विम्यातून मिळायचे तर कायमचे अपंगत्व यावे लागेल किंवा उपचारखर्चाची जोड घेतलेली असावी लागेल. आरोग्य विम्यातून मिळायचे तर बहुतेक पॉलिसींमध्ये किमान २४ तास दाखल असावे लागेल, आणि प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आलेल्या आईला ते लागू होणार नाही. खर्च काही हजारांचाच, पण तो पूर्णपणे तुमच्या खिशातून जातो.

ही फट माहीत असणे महत्त्वाचे आहे. लहान इजा तुमच्या खिशावर पडते आणि मोठी इजा तुमच्या स्वतःच्या विम्यावर. बोटमालकाचा विमा आलाच तर सर्वांत शेवटी, वर्षा-दोन वर्षांनी येतो.

पुलिकत आणि गुम्मिडिपूंडी

बोटीच्या सहलीतला धोका गुम्मिडिपूंडीच्या लोकांना वेगळा सांगायला नको. २५ डिसेंबर २०११ रोजी, नाताळच्या सुट्टीत, पुलिकतला म्हणजे तमिळमधल्या पळवेर्काडूला बोट उलटून २२ जण बुडाले. त्यांतले बहुतेक गुम्मिडिपूंडी भागातून सहलीला आलेल्या नात्यागोत्यातले होते. बोट मासेमारीची होती. सहल करणाऱ्यांना फिरवण्याचा परवाना नाही, अंगावर लाइफ जॅकेट नाही. त्यानंतर तिथल्या नौकाविहारावर बंदी आली. तरीही पोंगलनंतरच्या काणुम पोंगलला किंवा रोहित पक्षी येण्याच्या दिवसांत ‘थोडे आत नेऊन आणतो’ असे सांगणारे भेटतात, आणि मुलांच्या हट्टापुढे मोठी माणसे मान डोलावतात. कृपा करून तसे करू नका. पुलिकतला जा, डच दफनभूमी पाहा, किनाऱ्यावरून पक्षी पाहा, पण बंदी असलेल्या पाण्यात कोणाच्याही होडीत बसू नका.

विम्याच्या दृष्टीने अशा होडीत तुम्ही जवळजवळ उघडे असता. मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयात दाखल झाल्यास २५ हजारांपर्यंत खर्च मिळतो. पण तो त्या मच्छीमाराचा आहे. त्याच्या होडीत पैसे देऊन बसलेल्या तुमच्यासाठी त्यात एक रुपयाही नाही. आणि बोट प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेलीच नसेल, तर इतर कुठला विमा असला तरी कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

सरकारी मदत म्हणजे विमा नव्हे

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. तेव्हा मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख, तर जखमींना ५० हजार रुपये जाहीर झाले. अशी मदत मोलाची असते, परंतु ती सरकार त्या-त्या वेळी ठरवते. बातमीत न आलेल्या, एकट्यादुकट्याच्या अपघातात ती मिळेलच असे नाही. तिच्या भरवशावर सहलीला निघू नये.

रस्ते अपघातांसाठीच्या योजनांबद्दलही असाच गैरसमज आहे. तमिळनाडूची ‘नम्मै काक्कुम ४८’ ही पहिल्या ४८ तासांच्या मोफत उपचारांची योजना आणि केंद्राची दीड लाखापर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजना, दोन्ही रस्त्यावरच्या वाहन अपघातांसाठी आहेत. पाण्यातला अपघात त्यांत बसत नाही.

तुमच्या घरात आधीच असलेले विमे तपासा

आता मुख्य कामाकडे वळू. नवीन काही घेण्याआधी घरात काय आहे ते बाहेर काढा. पॉलिसीबरोबर येणारे ग्राहक माहितीपत्रक, म्हणजे कस्टमर इन्फर्मेशन शीट, हे दोन-तीन पानांचे असते. काय मिळते, काय मिळत नाही आणि तक्रार कुठे करायची हे त्यात सोप्या भाषेत असते. मूळ पॉलिसीच्या पन्नास पानांपेक्षा आधी तेच वाचा.

*आरोग्य विमा.* नवीन पॉलिसीला पहिल्या ३० दिवसांची प्रतीक्षा असते, पण अपघाताला ती लागू नसते. काल पॉलिसी सुरू झाली आणि आज बोट उलटली तरी दावा करता येतो. लोक घाबरतात ते साहसी खेळांच्या कलमाला. प्रमाणित शब्दांप्रमाणे राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग यांसारख्या धोकादायक खेळांत *व्यावसायिक म्हणून* भाग घेतल्याने झालेला खर्च वगळलेला आहे. तारकर्लीला हौसेने एकदा स्कूबासाठी उतरलेला पर्यटक व्यावसायिक ठरत नाही. या कलमावर बोट ठेवून तुमचा दावा नाकारला गेला, तर हाच शब्द दाखवा. कायदा मोडल्याच्या कलमाचेही तसेच आहे. त्यात गुन्हेगारी हेतू अपेक्षित असतो. बोटीत नियमापेक्षा जास्त माणसे होती एवढ्यावरून प्रवाशाचा आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही.

*व्यक्तिगत अपघात विमा.* इथे मात्र कलमे कंपनीगणिक बदलतात. काहींत हौशी खेळही वगळलेले असतात. भाडे देऊन प्रवासी बोटीत बसणे आणि जेट स्की चालवणे यांत फरक केला जातो. म्हणून बनाना राइड, पॅरासेलिंग, जेट स्की करायचे असेल तर आधी कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नवीन घ्यायचा असेल तर विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘सरल सुरक्षा बीमा’ ही प्रमाणित पॉलिसी तुलनेसाठी चांगली आहे. विमारक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत घेता येते. तिला अपघाती रुग्णालय खर्चाची ऐच्छिक जोड मिळते, मूळ रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे १० लाखांच्या पॉलिसीवर १ लाख. आपल्याकडे मेडिकल पेमेंट्सच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच आहे, कारण चूक कोणाची हे ती विचारत नाही. ही जोड मुद्दाम मागून घ्यावी लागते. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट ती वगळतात आणि ग्राहकाला ते दावा करतानाच कळते.

*प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना.* वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खात्यातून आपोआप कपात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. बुडून मृत्यू अपघातच धरला जातो. दवाखान्याचा खर्च मात्र यातून मिळत नाही. मुदत १ जून ते ३१ मे. खात्यात त्या वेळी शिल्लक नसली की विमा बंद पडतो, आणि घरात कोणालाच ते कळत नाही. पासबुक उघडून ही २० रुपयांची नोंद यंदा आहे का, ते आजच पाहा.

*कारखान्याचा विमा आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा).* गुम्मिडिपूंडी, श्रीसिटी, चाकण, रांजणगाव, कुठलीही वसाहत असो, महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्या आणि ईएसआयमध्ये नोंद असलेल्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला त्या योजनेतून उपचार मिळतात. ते कामावरच्या इजेपुरते नसतात. सुट्टीत बोटीवर पाय मोडला तरी ईएसआय रुग्णालयात जाता येते. अपंगत्वाचा लाभ मात्र कामाशी संबंधित इजेलाच मिळतो. वेतन जास्त असलेल्यांना बहुधा कंपनीचा गट आरोग्य विमा असतो. त्यात आई-वडील आहेत का, हे आधी पाहा. जोडीदार आणि मुले असतात, आई-वडील बरेचदा नसतात, आणि सहलीला तर सगळे मिळून जातात.

कंपनीची सहल असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. ती ‘कामाचा भाग’ होती की नव्हती, यावर पुढे वाद होऊ शकतो. एचआरला निघण्यापूर्वी लेखी विचारा : गट अपघात विमा सहलीला लागू आहे का, कुटुंबीयांना आहे का, आणि बोटीची फेरी त्यात धरली आहे का. तीन ओळींचे उत्तर पुरते.

बोटीत पाय ठेवण्यापूर्वी

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नद्या, खाड्या, सरोवरे अशा अंतर्गत पाण्यात चालणाऱ्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणी आणि विमा आवश्यक आहे. प्रवाशांच्या मृत्यूची व इजेची जबाबदारी त्यात येते. वल्ह्याच्या किंवा पायडलच्या बोटींसाठी व्यवस्था वेगळी असल्याने तिथे विमा गृहीत धरू नका. महाराष्ट्रात परवान्यांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. चेन्नईजवळ बोटिंग करायचेच असेल तर तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाचे मुट्टुकाडू आणि मुदलियारकुप्पम इथले बोट हाउस हे पर्याय आहेत.

मालकाला विम्याचा कागद मागायला अनेकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. आणि त्याने ‘कागद घरी आहे’ असे सांगितले, तरी पुढच्या गोष्टी तुम्ही स्वतः करू शकता :

- बोटीचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली पाटी यांचा फोटो काढा आणि तो घरी असलेल्या माणसाला लगेच पाठवा. फोन पाण्यात गेला तर फोटोही जाईल.
- तिकीट मागा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे तारीख, वेळ आणि पैसे घेणाऱ्याची नोंद राहते.
- माणसे मोजा. क्षमतेपेक्षा जास्त दिसली तर उतरा. पुढच्या फेरीला तासभर थांबावे लागले तरी चालेल.
- लाइफ जॅकेट अंगात घाला आणि सगळे पट्टे आवळा. लहान मुलांच्या मापाचे नसेल तर मुलांना नेऊ नका. मोठ्याच्या जॅकेटमधून मूल पाण्यात निसटून जाते.
- नातेवाइकांचे वय, मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे यांची चिठ्ठी किनाऱ्यावर थांबणाऱ्याजवळ ठेवा.

क्षमतेवर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. ‘नीलकमल’वरही क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते. केरळात तानूर इथे ७ मे २०२३ ला पर्यटक बोट उलटून २२ जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती, बदल करून पर्यटकांसाठी वापरली जात होती. जादा प्रवासी, बदललेला सांगाडा, परवाना नसलेला चालक यांपैकी काहीही आढळले की विमा कंपनीला अटभंगाचा मुद्दा मिळतो. मग भरपाई कंपनीकडून येत नाही, मालकाकडून वसूल करावी लागते, आणि मालकाची ऐपत एका बोटीपुरतीच असते.

तिकिटामागे ‘प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. ते वाचून पुष्कळ लोक हक्क सोडून देतात. अशा छापील ओळीने मालकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकावर अन्याय करणाऱ्या अटींविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. तिकीट फेकू नका, एवढेच.

अपघात झालाच, तर पहिला दिवस

आधी माणूस, मग कागद. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवा.

पाण्यात गटांगळ्या खाल्लेली व्यक्ती बोलते-चालते म्हणून तिला थेट घरी नेऊ नका. फुप्फुसांत पाणी गेले असेल तर खोकला, धाप, गुंगी पुढच्या काही तासांत वाढू शकते. डॉक्टरांना तपासू द्या, आणि ते देखरेखीसाठी ठेवायला सांगत असतील तर ठेवा. ‘सगळे ठीक आहे, कशाला खर्च’ म्हणून सही करून बाहेर पडणे जिवावर बेतू शकते. पुढे त्रास झाला तर तो अपघाताशी जोडणेही अवघड होते.

पोलिसांचे सोपस्कार बाकी आहेत म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे : जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसांच्या सोपस्कारांची वाट पाहायची नाही.

त्याच दिवशी ही कामे कोणीतरी एकाने हातात घ्यावीत :

१. रुग्णालयाला ‘बोट अपघात’ असे नोंदवून वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी करायला सांगा. ‘घरी पडले’ असे सोपे कारण लिहू देऊ नका; केसपेपरवरचा तो एक शब्द पुढचे सगळे दावे अडवतो.
२. विमा कंपनीला किंवा टीपीएला, म्हणजे तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला, कळवा. तातडीच्या भरतीची खबर बहुधा २४ ते ४८ तासांत द्यायची असते. रुग्णालय नेटवर्कमध्ये नसले तरी कॅशलेस मिळेल का, ते विचारा. २०२४ पासून सामान्य विमा कंपन्यांनी तशी सोय सुरू केली आहे.
३. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असे विमा नियामकाचे मे २०२४ चे निर्देश आहेत. उशीर होत असेल तर हेच शब्द वापरून बोला.
४. पोलिसांत तक्रार द्या. मृत्यू असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. दुःखाच्या भरात ‘चिरफाड नको’ म्हणणारी कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे दाव्यासाठी झगडतात.

दोन विमे असतील तर

हा प्रश्न फार विचारला जातो. व्यक्तिगत अपघात विम्यातली मृत्यू किंवा अपंगत्वाची रक्कम ठरलेली असते. दोन-तीन पॉलिसी असतील तर प्रत्येकीतून ती पूर्ण मिळते, आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्याव्यतिरिक्त. दवाखान्याच्या बिलाचे तसे नाही. तेच बिल दोनदा मिळत नाही. पण पहिल्या पॉलिसीची मर्यादा संपली तर उरलेली रक्कम दुसरीतून मागता येते. कुठली पॉलिसी आधी वापरायची हे तुम्ही ठरवायचे. पहिल्या कंपनीकडे मूळ बिले जातात, म्हणून तिच्याकडून दाव्याचा हिशेब आणि साक्षांकित प्रती मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, एक्स-रेचे अहवाल, एमएलसीची प्रत, एफआयआर, बोटीचे तिकीट, यूपीआयची नोंद, सगळे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा.

स्वतःची बोट असेल तर

भारतात हौसेची बोट बाळगणाऱ्यांची संख्या मुंबई, गोवा, चेन्नईत वाढते आहे. विमा घेताना थर्ड पार्टीची मर्यादा किती, बोटीवरचे पाहुणे त्यात ‘त्रयस्थ’ धरले जातात का, आणि पाहुण्यांसाठी अपघात विमा व उपचारखर्चाची जोड मिळते का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. पगारी तांडेल किंवा खलाशी असेल तर कर्मचारी भरपाईचा कायदा लागू होतो (पूर्वी १९२३ चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०). कामावर असताना झालेल्या इजेच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही त्यात मालकावर येतो. त्याचा विमा वेगळा काढा. आणि मित्रांकडून डिझेलचे पैसेसुद्धा घेताना सावध राहा. खासगी वापराची पॉलिसी असताना भाडे घेतले, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो.

मित्राच्या बोटीवर फुकट फिरायला गेलेल्या पाहुण्याने आणखी एक लक्षात ठेवावे. पैसे दिलेले नसल्यामुळे तो ‘ग्राहक’ ठरत नाही आणि ग्राहक आयोगात जाता येत नाही. अशा वेळी स्वतःचा आरोग्य आणि अपघात विमा हाच आधार.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी

तिथे मेडिकल पेमेंट्स हे कलम मर्यादेसह मिळते. माणशी १ हजार ते १० हजार डॉलर हा नेहमीचा पल्ला आहे, जास्तही घेता येते. हप्त्यातला फरक लहान असतो. आपल्या घरांसाठी याचे मोल विशेष आहे ते भारतातून आलेल्या आई-वडिलांमुळे. त्यांच्याकडे तिथला नियमित आरोग्य विमा नसतो. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात जलक्रीडा अनेकदा वगळलेली असते, आणि मर्यादित लाभाच्या स्वस्त योजनेत प्रत्येक उपचाराला अगदी तुटपुंजी रक्कम मिळते. इमर्जन्सी रूमची एक भेटच हजारो डॉलरची होऊ शकते. शिवाय अनेक पॉलिसींत जबाबदारीच्या भागातून घरात राहणारे कुटुंबीय वगळलेले असतात. त्यांना झालेल्या इजेसाठी मेडिकल पेमेंट्स हाच मार्ग उरतो. तेव्हा सर्वांत कमी मर्यादेवर थांबू नका.

विचारायचे प्रश्न :

- मर्यादा माणशी आहे की एका अपघाताला मिळून?
- बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्यूबवर किंवा वॉटर स्कीवर असलेला माणूस धरला आहे का? काही कंपन्या त्यासाठी वेगळी जोड देतात.
- अपघातानंतर किती काळापर्यंतची बिले चालतात?
- विमा नसलेल्या दुसऱ्या बोटीने धडक दिली तर वेगळे संरक्षण आहे का?
- बोट भाड्याची असेल तर भाडेकरूच्या पाहुण्यांना काय मिळते?

दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीतले नेमके कलम लिहून मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुदत एक वर्ष, मर्यादा ५० लाखांपर्यंत, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आणि चेन्नईतही आहेत. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ सेवेचा क्रमांक १५५२५५.

बोटमालकाविरुद्धची तक्रार वेगळी. पैसे देऊन फिरलेला प्रवासी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे : तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. तारकर्लीच्या अपघातासाठी पुणेकराला सिंधुदुर्गात खेटे घालायला नकोत. तिकीट काही शे रुपयांचे असल्याने आयोगाचे शुल्कही लागत नाही, कारण दिलेल्या मोबदल्यावर ते ठरते. मृत्यू झाला असेल तर वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावाही करता येतो, त्याचीही मुदत मृत्यूपासून दोन वर्षेच. सरकारी मदत मिळाली म्हणून यांतला कुठलाही हक्क संपत नाही. कोणी ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही मागितली, तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

शेवटी एक विनंती. सहलीला घरातले सगळे एकत्र जातात, आणि पॉलिसीचे क्रमांक, वारसाचे नाव, एजंटचा फोन हे सगळे त्यांच्यातल्याच एकाला माहीत असते. निघण्यापूर्वी सगळ्या पॉलिसींच्या पहिल्या पानाचे फोटो सहलीला न येणाऱ्या एका विश्वासू नातेवाइकाला पाठवा आणि ते कशाचे आहेत, हे त्याला फोन करून सांगा.